गेरू की पिवडी?

पाऊस सरला, अंगणातला चिखल सुकला, की मालवणातल्या जुन्या घरांतून एक वाद हटकून उभा राहतो : माजघराला गेरू द्यायचा की पिवडी? दोन्ही रंग उबदार, दोन्ही मातीचे; आणि गंमत अशी, की जांभ्याला तांबडा करणाऱ्या लोहाचीच ही दोन्ही लेकरे! पिवडीतल्या लोहाला पाण्याची संगत असते. ती तव्यावर चांगली तापवा. पाणी उडते आणि पिवळी माती डोळ्यांदेखत तांबडी होते.

भिंतीवर मात्र दोघांचे स्वभाव निराळे. गेरू उजेड गिळतो, पिवडी तो परत देते. माजघर म्हणजे घराच्या पोटातली खोली. ओटीवरून येईल तेवढाच उजेड. आमच्या वृद्ध आत्या तिथेच तांदूळ निवडतात. गेल्या साली हौसेने चारही भिंती गेरूने रंगवल्या. खोली देखणी दिसली. पण आत्यांनी सूप उचलले आणि त्या पडवीत जाऊन बसल्या. तक्रार म्हणाल, तर एक शब्द नाही!

यंदा खाली हातभर गेरूचा पट्टा ठेवला. पाण्याचे शिंतोडे, पोरांचे मळके पाय तोच पोटात घालतो. वर चुन्यात कालवलेली पिवडी. तेलरंगाच्या भानगडीत पडलो नाही. जांभ्याच्या भिंती पावसाळाभर ओल पितात. चुना ती बाहेर सोडतो, तेलरंग अडवतो आणि पोपडे धरतो.

पहिला हात काल झाला. ओली पिवडी गडद दिसते, वाळली की उजळते. आत्या अजून पडवीतच आहेत. भिंत वाळली, की सूप घेऊन आत बोलावणार आहे.