यंत्रसाहाय्यित अध्यापन आणि चुकांचे निदान

वर्गाध्यापनास यंत्राची जोड देण्याची कल्पना आज नवी वाटत असली, तरी तिचे वय शंभर वर्षांच्या घरात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२६ साली एका छोट्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. अध्यापनासाठी योजले असता, योग्य कळ दाबल्यावाचून ते पुढील प्रश्न दाखवीत नसे. विद्यार्थ्याने उत्तर नुसते निवडू नये, ते स्वतः रचावे, असा आग्रह पुढे १९५८ साली बी. एफ. स्किनर यांनी धरला. दोघांच्या उपपत्तींत अंतर पुष्कळ. परंतु विद्यार्थ्याच्या वतीने उत्तर देण्याचे काम दोघांच्याही यंत्रांनी केले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली आजची संभाषण-साधने विचारताक्षणी संपूर्ण उत्तर पुढे ठेवतात. वर्गातील त्यांच्या उपयोगाविषयीचे बहुतेक प्रश्न येथूनच उद्भवतात.

या संदर्भात हमसा बस्तानी व त्यांचे सहकारी यांनी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत केलेला व २०२५ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग बारकाईने अभ्यासण्याजोगा आहे. गणिताच्या सरावासाठी सुमारे एक हजार विद्यार्थ्यांचे तीन गट पाडले होते. एकास जीपीटी-४ हे साधन जसेच्या तसे दिले. दुसऱ्यास तेच साधन, परंतु थेट उत्तर न देता केवळ संकेत देण्याची ताकीद घालून दिले. तिसऱ्याकडे नेहमीची पुस्तके व वह्या एवढेच होते. सरावातील कामगिरी तिसऱ्या गटाच्या तुलनेने पहिल्या गटात ४८ टक्क्यांनी व दुसऱ्यात १२७ टक्क्यांनी सरस ठरली. मग साधन काढून घेऊन परीक्षा झाली. तीत पहिल्या गटाचे गुण तिसऱ्या गटापेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले; दुसऱ्या गटाचे जवळजवळ तिसऱ्याइतकेच राहिले. शिवाय आपली पीछेहाट झाली आहे, याची जाणीव पहिल्या गटास नव्हती.

दुसऱ्या गटाचे नुकसान टळले ते कशामुळे, हे पाहिले पाहिजे. प्रत्येक उदाहरणाची बरोबर रीत कोणती व विद्यार्थी त्यात सामान्यतः कोठे चुकतात, ही माहिती शिक्षकांच्या साहाय्याने यंत्रास आधीच पुरविली होती. म्हणजे यंत्राच्या अंगी जी शिकवण्याची हातोटी दिसली, ती मुळात शिक्षकाचीच होती! तथापि या गटासही परीक्षेत लाभ झाला नाही, ही गोष्ट यंत्राचे पुरस्कर्ते सहसा सांगत नाहीत.

लाभाचे उदाहरण आपल्याच देशात आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग व अलेहान्द्रो गनीमियन यांनी दिल्लीतील 'माइंडस्पार्क' केंद्रांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. तेथे सहावीतील विद्यार्थी गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होते. नववीपर्यंत हे अंतर साडेचार इयत्तांवर जाई. संगणक प्रथम विद्यार्थ्याची खरी पातळी शोधी आणि तेथून पाठ सुरू करी. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ व हिंदीत ०.२३ प्रमाण विचलनाइतकी अधिक प्रगती झाली. मात्र रोजच्या दीड तासापैकी निम्मा वेळ लहान गटांस माणूसच शिकवीत असे. तेव्हा सगळे श्रेय संगणकाच्या पदरी टाकता येणार नाही.

दोन्ही प्रयोगांतून हाती येते ते असे, की यंत्राचा उपयोग निदानात आहे आणि निदानासाठी चुकांचे ज्ञान आधी असावे लागते. १/२ व १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारा विद्यार्थी अंशात अंश व छेदात छेद मिळवीत असतो. ही चूक जगभर आढळते व यंत्रासही ठाऊक असते. परंतु 'सदतीस' ऐकून ७३ लिहिणाऱ्या मुलाचे काय? मराठीत एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो. लिहिताना क्रम उलटतो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी वाचनपद्धती आणली, तेव्हा झालेला वाद वाचकांच्या स्मरणात असेलच. वादाचा निकाल काहीही लागो, चूक खरी आहे, आणि इंग्रजी सामग्रीवर मुख्यतः पोसलेल्या साधनाकडून तिची दखल आपोआप घेतली जाईल, असे गृहीत धरता येत नाही.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनाचे मोठे क्षेत्र मोकळे आहे. मराठी माध्यमाच्या उत्तरपत्रिकांतून एकेका घटकाच्या चुका गोळा कराव्यात, प्रत्येकीमागील विचार मुलाकडूनच वदवून घ्यावा, आणि ती यादी साधनास पुरवून त्याचे संकेत कितपत सुधारतात, हे नियंत्रित गट ठेवून तपासावे. परीक्षा अर्थातच यंत्राविना घ्यावी. सरावातील गुण पुरावा म्हणून धरू नयेत. उत्तरपत्रिका यंत्रास देण्यापूर्वी त्यांवरील नाव, हजेरी क्रमांक व शाळेचा शिक्का काढून टाकावा.