थंड झाली की सुरू होते

जुनी फोर्ड ब्रॉन्को बंद पडते ती गाजावाजा न करता. धूर नाही, खडखडाट नाही. चढावर इंजिन एकदम गप्प होतं. सेल्फ मारला की इंजिन जोमाने फिरतं, पण पेट घेत नाही. मालक टो ट्रक बोलावतो. तो येईपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो, आणि हुक लावण्याआधी सहज किल्ली फिरवावी तर गाडी सुरू! गॅरेजात मेकॅनिक सगळं तपासतो आणि काहीच बिघडलेलं नाही म्हणतो. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप उतरलेल्या पोरासारखी गत.

ब्रॉन्को ही फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी. १९६६ ते १९९६ या मॉडेल-वर्षांत ती मिशिगनमधल्या वेन इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. जगाला ती ठाऊक झाली १७ जून १९९४ च्या संध्याकाळी, लॉस एंजेलिसच्या फ्रीवेवर पोलिसांच्या ताफ्यापुढे माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनला घेऊन संथ चाललेल्या पांढऱ्या गाडीमुळे. ती गाडी मात्र वाटेत बंद पडली नाही. ऐंशीच्या दशकातल्या आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या अनेक ब्रॉन्को पडत, आणि त्या काळच्या फोर्डच्या कितीतरी मोटारी आणि पिकअपही. कारण त्या सगळ्यांत एक पुस्तकाएवढाही नसलेला करड्या रंगाचा डबा सारखाच होता.

पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडण्याची मूळ युक्ती चार्ल्स केटरिंगची, १९१० च्या कॅडिलॅकवर आलेली. कॉइलमधून बॅटरीचा प्रवाह जाऊ द्यायचा आणि नेमक्या क्षणी तोडायचा. तुटण्याच्या झटक्यात बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट होतात आणि प्लगच्या फटीत ठिणगी उडते. तोडण्याचं काम दोन छोटे धातूचे टेकू, म्हणजे पॉइंट, करत. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलिज जीपची जोडणी सुरू केली, त्या जीपमध्येही हेच पॉइंट होते. आपल्याकडच्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या ‘करंट येत नाही’ म्हटलं की आधी डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडून पॉइंटवर पॉलिश पेपर फिरवत. बिघाड डोळ्यांना दिसायचा: पॉइंट जळालेले, नाहीतर कंडेन्सर गेलेला.

पॉइंट आधीच सोडून दिलेल्या फोर्डने १९८३ च्या सुमारास संगणकाची वाट धरली. डिस्ट्रिब्युटरमध्ये हॉल इफेक्टवर चालणारा पिकअप बसवला. १८७९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एडविन हॉल या विद्यार्थ्याने शोधलेला हा परिणाम शंभर वर्षांनी ट्रकच्या इंजिनात कामाला लागला. फिरणाऱ्या पात्या पिकअपसमोरून जातात तसा तो उघड-मीट करणारा सिग्नल पाठवतो. मेकॅनिक त्याला ‘पिप’ म्हणतात. पिप संगणकाकडे जातो आणि त्या करड्या मॉड्यूलकडेही. संगणक ठिणगी किती आधी पाडायची ते ठरवून ‘स्पाउट’ नावाचा सिग्नल परत धाडतो, आणि मॉड्यूल त्याबरहुकूम कॉइलचा प्रवाह तोडतं. मॉड्यूलचं नाव टीएफआय: सिरॅमिकच्या पातळ चकतीवर छापलेलं जाड थराचं सर्किट.

इथवर रचना सुरेख आहे. घोळ बसवण्याच्या जागेत. फोर्डने हे मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरच्या ॲल्युमिनियमच्या अंगाला स्क्रूने जोडलं. मॉड्यूलच्या पोटातली उष्णता त्या धातूत शोषली जावी म्हणून मध्ये पांढरं सिलिकॉन ग्रीस. पण ज्या धातूने उष्णता शोषायची तोच इंजिनवर बसून भाजत असतो. सिरॅमिक, धातू, डांक, प्लॅस्टिक हे सगळे तापल्यावर वेगवेगळे फुगतात, आणि एखादा सांधा केसभर सुटतो. थंड झाला की पुन्हा टेकतो.

म्हणूनच फोर-व्हील-ड्राइव्हवाल्यांना हा आजार जास्त छळतो. यूटामधल्या मोआबच्या खडकांवर गाडी लो रेंजमध्ये माणसाच्या चालीने चढते. इंजिन जोरात फिरतं, समोरून वारा मात्र लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या बेकरहून लास वेगासकडे जाणारा लांब चढ वाळवंटातून जातो. उन्हाळ्यात ट्रेलर ओढत तो चढायचा म्हणजे बॉनेटखालची भट्टी पेटलीच. आणखी एक गंमत: धावताना ठीक असलेली गाडी पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबली की सुरू होत नाही. इंजिन बंद झाल्यावर पाणी आणि पंखा थांबतात, आणि धातूत साठलेली उष्णता वर चढते. अँबॅसेडरच्या फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून बसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे पेट्रोलची वाफ अडायची, इथे ठिणगी अडते.

या तपासाचा पहिला नियम असा की थंड गाडीचं म्हणणं खरं धरायचं नाही. पार्ट्सच्या दुकानात काउंटरवर मॉड्यूल तपासून देतात. गार मॉड्यूल यंत्राला लावलं की ‘पास’ येतं, आणि मालक तेच परत बसवून पुढच्या चढावर अडकतो. तिथे निदान ते यंत्रावर लागोपाठ सात-आठ वेळा चालवून तापवायला सांगावं. मुरलेला मेकॅनिक गाडी आधी बंद पाडतो. हेअर ड्रायर किंवा हीट गनने मॉड्यूलवर झोत मारतो. इंजिन दगावलं की थंड करणारा स्प्रे मारतो. लगेच जीव आला, तर गुन्हेगार बहुतेक सापडला.

बहुतेक, कारण पिप पिकअपही त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये, त्याच उष्णतेत बसलेला असतो. दोघांना वेगळं करायची युक्ती मला या सगळ्या विद्येत सर्वांत देखणी वाटते. गाडी बंद पडलेल्या अवस्थेत सेल्फ मारताना इंजेक्टरच्या सॉकेटला छोटा दिवा लावायचा. ठिणगी नाही आणि दिवाही लुकलुकत नाही, म्हणजे संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, संशय पिपवर. दिवा लुकलुकतो आणि ठिणगी मात्र नाही, तर पिप पोचतोय. मग मॉड्यूल, कॉइल किंवा त्यांच्यामधली वायर. पाच मिनिटांत अर्धा संशय बाजूला पडतो, पण ही पाच मिनिटं रस्त्याकडेला, गाडी गरम असतानाच मिळतात. शिवाय संगणकाची आठवण असते. बॉनेटखालच्या टेस्ट सॉकेटमध्ये वायरचा तुकडा लावला की चेक इंजिनचा दिवा उघडझाप करून जुने कोड सांगतो. पिप तुटक येत होता, तर १४. मॉड्यूलकडून उलट खूण मिळेनाशी झाली, तर १८. बॅटरीची तार काढून ठेवणारा घाईचा मदतनीस हा पुरावा पुसून टाकतो.

आणि मग वायरिंग. तीस वर्षं हादरलेल्या गाडीत मॉड्यूलला नावं ठेवण्याआधी जुडगा हलवून पाहावा, अर्थच्या तारेचे बोल्ट घासावेत. पावसात किंवा ओढा ओलांडल्यावरच रुसणारी गाडी असेल तर मॉड्यूल विसरून रात्री अंधारात बॉनेट उघडावं आणि प्लगच्या तारांवर पाणी शिंपडावं. निळ्या रेघा जिथून पळतील ती तार बदलायची.

थंडपणी निर्दोष दिसणारा हा सुटा भाग सरकारी तपासातूनही निसटला. अमेरिकेच्या केंद्रीय वाहन-सुरक्षा संस्थेने ऐंशीच्या दशकात एकाहून अधिक वेळा चौकशी उघडली, पण गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला नाही. चालत्या गाडीचं इंजिन गेलं की पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि एक-दोनदा दाबल्यावर ब्रेकची मदतही संपते, म्हणून मालक कोर्टात गेले. हॉवर्ड विरुद्ध फोर्ड हा खटला कॅलिफोर्नियात अलामीडा काउंटीच्या सुपिरियर कोर्टात चालला. तिथे मॉड्यूल तापवून दाखवण्यापेक्षा कंपनीची कागदपत्रं वजनदार ठरली. न्यायाधीश मायकेल बॅलाची यांनी २००० साली निकाल दिला: कंपनीने धोक्याची माहिती दडवली, आणि राज्यातल्या सुमारे १७ लाख गाड्या परत बोलावाव्यात. अमेरिकेत न्यायाधीशाने असा आदेश देण्याची ती पहिलीच वेळ, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं. फोर्डने आरोप फेटाळले. २००१ मध्ये दोष कबूल न करता समझोता झाला, आणि १ लाख मैलांच्या आत मॉड्यूल बदललेल्यांना खर्च परत देण्याचं ठरलं. तोवर फोर्डने अनेक मॉडेलांवर मॉड्यूल इंजिनपासून दूर, स्वतंत्र ॲल्युमिनियमच्या पाटावर हलवलं होतं.

आज गॅरेजात येणाऱ्या ब्रॉन्कोवर बहुतेकदा तिसरं-चौथं मॉड्यूल असतं. करडं आणि काळं अशी दोन मिळतात, दिसायला जुळी, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. स्क्रू इतके खोल की बारीक भिंतीचा साडेपाच मिलिमीटरचा सॉकेट लागतो. ग्रीसची पुडी डब्यातच राहून गेली, तर नवं मॉड्यूल जुन्यापेक्षा लवकर जातं. पिकअप गेला असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून दातेरी चाकाची पिन ठोकून काढावी लागते. त्यापेक्षा बरेच जण अख्खा डिस्ट्रिब्युटरच बदलतात. मग स्पाउटची जोडणी काढून बेस टायमिंग दहा अंशांवर लावायचं, जोडणी परत बसवायची आणि गाडी पुन्हा त्याच चढावर, भर दुपारी, न्यायची.