राखणीच्या कुत्र्याचें अन्न व त्यांतील उष्मांक

बैलाच्या वैरणीचा व सरकीपेंडेचा हिशेब चोख ठेवणारे आमचे शेतकरी बंधु कुत्र्याच्या अन्नाचा हिशेब मात्र कधीं ठेवीत नाहींत. आम्हीही ठेवीत नव्हतों. काटोलजवळील आमच्या संत्र्याच्या बागेंत रानडुकरांवर भुंकून रात्र जागविणारा कुत्रा गेल्या हिवाळ्यांत बरगड्या मोजतां येतील इतका वाळला. जंतांचें औषध दोनदां दिलें. गुण आला नाहीं. भांडें तर रोज भरलेलें असे. तेव्हां त्या भांड्यांत काय आहे तेंच मोजून पाहावें, असें आम्ही ठरविलें.

प्रथम वजन. गडी कुत्र्यास उचलून धान्याच्या काट्यावर उभा राहिला, मग एकटाच उभा राहिला. वजाबाकी १६ किलो आली. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनें तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रांतील एक उष्मांक, अर्थात् कॅलरी. जनावराची गरज वजनाच्या सरळ प्रमाणांत वाढत नाहीं, हें मॅक्स क्लायबर यांनीं १९३२ सालीं दाखविलें. रीत अशी कीं, वजनाचा घन करावा, त्याचें वर्गमूळ दोनदां काढावें व येईल त्या संख्येस ७० नें गुणावें. १६ चा घन ४,०९६, वर्गमूळ ६४, पुन्हां काढतां ८, म्हणून ५६० उष्मांक. ही केवळ विसाव्याची गरज होय. हिंडत्याफिरत्या प्रौढ कुत्र्यास सुमारें पावणेदोनपट, म्हणजे १,००० च्या आसपास लागतात; खच्ची केलेल्यास कांहीं कमी, रात्रभर धांवणाऱ्यास अधिक.

आतां भांडें. दोन भाकऱ्यांचें ज्वारीचें पीठ १६० ग्रॅम. १०० ग्रॅममागें ३४० प्रमाणें ५४४ उष्मांक. वर अर्धा लिटर ताक. पण ताकांत १०० ग्रॅममागें जेमतेम १५, म्हणजे अवघे ७५. बेरीज ६१९! पोट पाण्यानें भरत होतें आणि कुत्रा स्वतःच्याच अंगावरचें मांस जाळीत होता. अन्नाचे जिन्नस शिजविण्यापूर्वीं तोलावे तें याचसाठीं. पाण्यानें वजन वाढतें, उष्मांक वाढत नाहींत.

मग ५० ग्रॅम तूरडाळ शिजवून घातली, तिचे सुमारें १७०. दोन उकडलेल्या अंड्यांचे १४०. दहा ग्रॅम भुईमुगाच्या तेलाचे ९०. बेरीज हजारावर गेली. सर्व कालवून तोललें तों १,२०० ग्रॅम भरलें, म्हणजे १०० ग्रॅममागें ८५. गडी आतां निम्में सकाळीं व निम्में तिन्हीसांजेस घालतो.

घरचें फोडणीचें वरण मात्र घालूं नये. कांदा व लसूण कुत्र्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात, आणि द्राक्षें व मनुका मूत्रपिंडास घातक ठरतात. शिवाय उष्मांक पुरले म्हणून आहार पुरा झाला असें नव्हे. अशा अन्नांत कॅल्शियमची उणीव राहते. ती कशी व किती भरावी, हें नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारून घ्यावें. तें १९५८ सालापासून आपल्या दाराशीं आहे.

दर पंधरवड्यास आम्ही कुत्र्यास काट्यावर घेतों. तीन महिन्यांत तो १८ किलो झाला. बरगड्या आतां हातास लागतात, डोळ्यांस दिसत नाहींत. म्हणून तेल अर्धें केलें आहे. गड्यास हें अद्याप पटलेलें नाहीं.