ठिपका, दंड आणि चिन्हांकन : मुद्रित पृष्ठाच्या प्रतिमेपासून विकी-संहितेपर्यंत

जुन्या मराठी ग्रंथांच्या आणि नियतकालिकांच्या संगणकीय प्रतिमा आता मोठ्या संख्येने उपलब्ध झाल्या आहेत. परंतु प्रतिमा म्हणजे संहिता नव्हे. प्रतिमा हे पृष्ठाचे छायाचित्र असते. त्यात शब्द शोधता येत नाही, आणि एखाद्या अनुवादातील दोन आवृत्त्यांचे पाठ यंत्राकडून ताडून घेता येत नाहीत. त्यासाठी प्रतिमेतील अक्षरे ओळखून त्यांची संहिता करावी लागते आणि त्या संहितेतील शीर्षक, तळटीप, पद्यपंक्ती, पृष्ठान्त इत्यादी घटक खुणांनी दर्शवावे लागतात. प्रकल्प-व्यवस्थापनाच्या प्रणालीत हे काम विकी-चिन्हांकनाने होते. हा प्रांत तंत्रज्ञांचा आहे, अशी वाङ्मयाभ्यासकांची समजूत असते. प्रस्तुत लेखकाचीही ती काही वर्षे होती. ती का टिकली नाही, हे पुढे येईलच.

वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1995 मध्ये पहिली विकी सुरू केली. हवाईयन भाषेतील ‘शीघ्र’ या अर्थाचा शब्द त्यांनी नावासाठी घेतला. साध्या मजकुरातच मोजक्या खुणा टाकायच्या आणि त्यांवरून ठळक, तिरपा, शीर्षक, कोष्टक असे रूप यंत्राने सिद्ध करायचे, ही त्यामागील कल्पना आहे. पुढे या खुणांच्या अनेक बोली झाल्या. विकिपीडिया आणि विकिस्रोत ज्या मीडियाविकीवर चालतात तिची बोली वेगळी, रेडमाइन या प्रणालीत दीर्घकाळ रुळलेली टेक्स्टाइल वेगळी, जिराची आणखी वेगळी. वाङ्मयीन प्रकल्पाला अशी प्रणाली सोयीची ठरते, कारण प्रत्येक पृष्ठ हे एक स्वतंत्र काम मानता येते. ते कोणी वाचले, कोणी तपासले, कोणता पाठ केव्हा बदलला याची नोंद आपोआप राहते आणि पूर्वीचा पाठ नष्ट होत नाही.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला यात अपरिचित असे काही नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीत (1919 ते 1966) ज्या पाठाविषयी संपादकांना पुरेशी खात्री नव्हती, त्याखाली नागमोडी रेघ छापली आहे. ती रेघ म्हणजे चिन्हांकनच होय. ती व्यासांच्या संहितेचा भाग नाही. संपादकाने संहितेविषयी केलेले ते विधान आहे. विकी-चिन्हांकनात मात्र संहिता आणि संहितेविषयीचे विधान एकाच कळफलकावरच्या चिन्हांनी लिहिले जाते. बहुतेक घोटाळे येथून उद्भवतात.

मराठी मजकुराच्या बाबतीत पहिला घोटाळा दंडाचा. अक्षर-ओळख करणारी आज्ञावली ‘।’ या देवनागरी दंडाच्या जागी पुष्कळदा कळफलकावरची साधी उभी रेघ देते आणि ‘॥’ च्या जागी तशा दोन रेघा. कागदावर हा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. पण जवळजवळ सर्व विकी-बोलींत उभी रेघ ही कोष्टकाची खूण आहे. जिराच्या बोलीत ओळीच्या आरंभी दोन उभ्या रेघा आल्या की तेथे कोष्टकाचे शीर्षक सुरू होते. परिणामी ग्रंथारंभीचे ‘॥ श्री ॥’ एका चौकटीत जाऊन बसते आणि मंगलाचरणाला रकान्याच्या मथळ्याची कळा येते. मीडियाविकीत साध्या परिच्छेदात ही रेघ निरुपद्रवी असते. परंतु तीच ओवी एखाद्या साच्यात घातली, की रेघेपासून पुढचा मजकूर साच्याचा दुसरा घटक मानला जातो आणि ओवीचे चरण मुकाट्याने गायब होतात. ओवी, अभंग, आर्या यांचे संकलन करणाऱ्याने चिन्हांकनापूर्वी सर्व उभ्या रेघा दंडांत बदलून घेणे हाच यावर उपाय आहे, आणि तो डोळ्यांदेखत करावा. मूळ पृष्ठावर खरेखुरे कोष्टकही असू शकते.

तारांकनाची गोष्टही अशीच. जुन्या ग्रंथांत तळटीप बहुधा तारांकनाने दर्शवलेली असते. ओळीच्या आरंभी आलेले तारांकन विकीत यादीतील कलम ठरते. त्यामुळे ग्रंथकाराची टीप यादीचे एकुलते एक कलम होऊन उरते. जिराच्या बोलीत शब्दाला लगटून दोन्ही बाजूंना छोटी आडवी रेघ आली, तर मधला मजकूर खोडलेला दिसतो. विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे चिन्ह येणे हा दोष तर माणसांच्या टंकलेखनातही सर्रास आढळतो. दिसायला ‘दुःख’ तेच असते. शोध घेऊ गेल्यास मात्र सापडत नाही.

‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील फरक मराठी वाचकाला सांगावा लागत नाही. पण युनिकोडमध्ये हा दुसरा, अर्धा रफार दोन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. दोन्ही रूपे पडद्यावर सारखीच उमटतात, मात्र यंत्राच्या लेखी ती भिन्न आहेत. एका संशोधकाने पहिली पद्धत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर आवृत्त्यांच्या तुलनेत पानोपानी ‘पाठभेद’ दिसू लागतात आणि डोळे फाडून पाहिले तरी भेद काही दिसत नाही. प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी यांपैकी एक पद्धत लेखी ठरवून घ्यावी.

पृष्ठाविषयी थोडे. विकिस्रोतात प्रतिमा आणि संहिता शेजारी असतात आणि पृष्ठ हाच कामाचा घटक राहतो. तेथील संहिता पॅन्डॉकसारख्या साधनाने रेडमाइनच्या बोलीत नेली, तर शीर्षके, यादी, तळटीपा बऱ्याच अंशी सुखरूप पोहोचतात. पृष्ठान्त पोहोचत नाही, कारण त्या साधनाच्या रचनेत पृष्ठ नावाची वस्तूच नाही. पृष्ठांक नसलेल्या संहितेचा हवाला शोधनिबंधात देता येत नाही. आम्ही म्हणून रूपांतरापूर्वी पृष्ठांक चौकटी कंसात मजकुरातच घालू लागलो.

विकिस्रोतात पृष्ठाच्या पाच अवस्था रंगांनी दाखवतात. मजकूर नसलेले पृष्ठ करडे, न तपासलेले तांबडे, अडचणीचे जांभळे, एकदा मुद्रितशोधन झालेले पिवळे आणि दुसऱ्या व्यक्तीने पुन्हा पडताळलेले हिरवे. पिवळे करणाऱ्याला तेच पृष्ठ हिरवे करता येत नाही, हा त्यातील मर्माचा नियम. आमच्या प्रणालीतील कामांनाही आम्ही याच अवस्था दिल्या. हिरव्यावर आमचा फार विश्वास होता.

आमच्या एका संशोधक विद्यार्थिनीचा विषय एकोणिसाव्या शतकातील अनुवादांच्या भाषेशी संबंधित होता. एका नियतकालिकाच्या दोन खंडांची संहिता सिद्ध झाल्यावर तिने अनुच्चारित अनुस्वाराची रूपे मोजली : ‘मीं’, ‘नांव’, ‘केलें’, ‘घरीं’ अशी. पहिल्या खंडात ती विपुल होती, दुसऱ्यात अगदी तुरळक. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनी हे अनुस्वार 1962 मध्ये लेखनातून गेले; त्याच्या कितीतरी आधी एका संपादकाने ते टाकले होते, असा निष्कर्ष यातून निघत होता. संपादक बदलल्याचा पुरावाही तिच्या हाती होता. प्रकरण लिहून झाले, प्रस्तुत लेखकाने ते वाचून संमतीही दिली.

पुढे एका कामानिमित्त तिने ग्रंथालयात दुसऱ्या खंडाची बांधीव प्रत उघडली. सगळे ठिपके जागच्या जागी होते.

घडले होते ते असे. दुसऱ्या खंडाचा कागद डागाळलेला असल्याने प्रतिमा अक्षर-ओळखीपूर्वी ‘स्वच्छ’ केल्या होत्या. या प्रक्रियेत ठरावीक आकारापेक्षा लहान असा प्रत्येक सुटा काळा ठिपका धूळ समजून पुसला जातो. अनुस्वार हा तसाच ठिपका असतो. मग उच्चारित अनुस्वार कसे टिकले? ते यंत्राने टिकवले नव्हते. ‘अत’ वाचताना मुद्रितशोधकाने अर्थावरून ‘अंत’ केले, ‘आबा’चा ‘आंबा’ केला आणि प्रतिमा फिकट असेल असे मानून तो पुढे गेला. ‘केले’ आणि ‘घरी’ मात्र आजच्या डोळ्यांना पूर्ण वाटतात. तेथे काही हरवले आहे अशी शंका त्याला आली नाही, दुसऱ्या पडताळणाऱ्यालाही आली नाही. दोघेही त्याच पुसलेल्या प्रतिमेशी संहिता ताडत होते. धूळ काढणारी आज्ञावली आणि दोन दक्ष वाचक यांनी मिळून त्या खंडाला 1962 नंतरचे शुद्धलेखन बहाल केले. सर्व पृष्ठे हिरवी होती.

यात वाचकांचा दोष काढणे अन्यायाचे होईल; प्रतिमेवर कोणता संस्कार झाला आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर प्रत्येक खंडाच्या विकी-पृष्ठावर आरंभी चार गोष्टी लिहिण्याचा प्रघात आम्ही पाडला : कोणत्या प्रतीवरून प्रतिमा घेतली, प्रतिमेवर काय प्रक्रिया केली, अक्षर-ओळखीची आज्ञावली व तिची आवृत्ती कोणती, आणि प्रत्यक्ष छापील प्रतीशी कोणती पृष्ठे ताडली. शेवटचा रकाना बहुतेक वेळा अर्धाच भरलेला असतो. अर्थावरून भरलेल्या अक्षराला वेगळी खूण द्यायची, असेही ठरले. नागमोडी रेघ विकीत सहज देता येत नाही, म्हणून त्या जागी आम्ही एक लहान साचा वापरतो. तो वाचताना अडथळा करतो, अशी तक्रार काही सहकाऱ्यांनी केली आहे आणि ती खरी आहे.

विद्यार्थिनीने दोन्ही खंडांतील निवडक लेख बांधीव प्रतींवरून पुन्हा हाताने मोजले. दोन संपादकांच्या लेखनात फरक निघाला, पण तो फक्त ‘मी’ आणि ‘मीं’ यांच्या वापरापुरता. तिच्या प्रबंधातील ते प्रकरण आता एका उपविभागाएवढे उरले आहे.