फूल आणि दोन पाने

परवा नातीने मोबाईलवर कलिंगडाच्या फोडीचे चित्र दाखविले. पॅलेस्टाइनचे नाव घेतले की मजकूर मागे ढकलला जातो, अशा समजुतीने लोक त्या झेंड्याच्या लाल, काळ्या, पांढऱ्या, हिरव्या रंगांचे कलिंगडच एकमेकांस धाडतात म्हणे. तिला नवल वाटले. मला पेडण्याची मावशी आठवली.

पोर्तुगीज अमदानीत गोव्यात साधी लग्नपत्रिकादेखील सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्यावाचून छापता येत नसे. तेव्हा कोल्हापुरास येणारी मावशीची पत्रे फार सोज्ज्वळ असत. “धाकटे भावोजी पाहुणचारास गेले आहेत,” एवढे वाक्य आले की आई देवापाशी दिवा लावी. पाहुणचार कोणाचा, हे आम्हां पोरांनाही कळे.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि सेन्सॉर गेला. पुढे १६ जानेवारी १९६७ रोजी जनमताचा कौल घेण्यात आला, तेव्हा खुणा सरकारनेच दिल्या. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पाने. पेडणे-डिचोलीकडे ओढा मुख्यतः फुलाकडे. त्या दिवसांत मी मावशीकडेच होतो. विधवा असल्याने ती फूल माळीत नसे. तिने अबोलीचा वळेसर दारावर बांधला. अबोलीला कोण हरकत घेणार?

शेजारचे घर मात्र दोन पानांचे. “मुंबई लांब पडते, आमची गाऱ्हाणी तिथवर नेणार कोण?” असे शेजारीण म्हणे, आणि खरे सांगायचे तर त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मावशीपाशी होते. त्या आठवड्यात तिने तबकात एकेकच विड्याचे पान ठेवण्यास आरंभ केला. आलेगेले हसत, ती हसत नसे. शेजारणीने एकदा तबकाकडे पाहिले आणि सुपारीही न उचलता ती उठून गेली. दोघींचा घरोबा माझ्या जन्माआधीचा!

निकाल लागला. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांचा फरक. मावशी दिवसभर कोणाशी बोलली नाही.

चार-सहा दिवसांनी शेजारीण तिळगूळ घेऊन आली. निकालाचा विषय कोणीच काढला नाही. मावशीने तबक पुढे केले. त्यात दोन पाने होती. वळेसर मात्र दारावर तसाच सुकत होता. तो काही तिने उतरविला नाही.