टाकीच्या खांद्यावरची अक्षरे

गेल्या उन्हाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेत, न्यू जर्सीला होतो. एका शनिवारी सकाळी सोळा वर्षांचा नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही कारखान्यात टाक्या तपासायचात ना? मग माझ्याबरोबर चला. एक जुनी टाकी बघायची आहे." टाकी होती स्कूबाची, म्हणजे पाणबुड्यांच्या पाठीवर असते ती. पण नातवाला पाण्यात उतरायचे नव्हते. त्याला ती पेंटबॉलसाठी हवी होती.

पेंटबॉल म्हणजे रंगाने भरलेल्या गोळ्या एकमेकांवर मारण्याचा खेळ. १९८१ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हेनिकर इथे बारा जण त्याचा पहिला डाव खेळले. त्यांच्या हातातली पिस्तुले मुळात झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेली होती. सुरुवातीला गोळी कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यावर उडायची, आता बरेच खेळाडू दाबलेली हवा वापरतात. बंदुकीला जोडलेली हवेची बाटली मैदानावर भरून मिळते. घरी सराव करायचा तर काय? एवढ्या दाबाचा कॉम्प्रेसर विकत घेणे परवडत नाही. मग मुले जुनी स्कूबा टाकी घेतात, ती डायव्हिंगच्या दुकानातून भरून आणतात आणि तिच्यातून बाटली भरतात.

यातले तत्त्व सोपे आहे. गच्चीवरच्या दोन टाक्या खालून नळीने जोडल्या की पाण्याची पातळी सारखी होते. हवेत पातळीऐवजी दाब सारखा होतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या स्कूबा टाकीत सुमारे ११ लिटर जागा असते आणि हवेचा दाब दर चौरस इंचाला ३००० पौंड. पाऊण लिटरची रिकामी बाटली तिला जोडली, की दोन्हींचा दाब २८०० च्या आसपास येतो. दुसरी रिकामी बाटली भरताना तो २६०० वर उतरतो, तिसरीला २४५० च्या जवळ. म्हणजे मोठ्या टाकीत भरपूर हवा शिल्लक असली, तरी प्रत्येक बाटली आधीच्यापेक्षा थोडी कमीच भरते. ४५०० पौंडांची बाटली तर अशा टाकीतून कधीच पूर्ण भरणार नाही.

आता ३००० पौंड म्हणजे किती? आपल्या मोटारीच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. भरलेली टाकी फुटली तर, ढोबळ हिशेबाने, एक टनाची मोटार पंधराव्या मजल्यावरून खाली पडावी एवढी ताकद एका क्षणात मोकळी होते. म्हणून जुनी टाकी घेताना तिचा रंग पाहू नये, तिचा खांदा वाचावा.

विकणाऱ्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये टाकी चकचकीत पुसून ठेवलेली होती. किंमत पन्नास डॉलर. नातवाचे डोळे चमकले. मी चष्मा लावून मानेखालची ठोकलेली अक्षरे वाचू लागलो. '३एएल' म्हणजे ॲल्युमिनियम. पुढे ३००० हा कामाचा दाब, मग टाकीचा क्रमांक, बनवणाऱ्याची खूण आणि पहिल्या चाचणीचा महिना व वर्ष. वर्ष होते १९८३. त्यानंतरची शेवटची चाचणी २००४ सालची.

अमेरिकेत अशा टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते. टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश, म्हणजे ५००० पौंडांपर्यंत ताणतात. दाब काढल्यावर ती परत मूळ आकारात यायला हवी. एकूण फुगवट्यापैकी दहा टक्क्यांहून अधिक फुगवटा कायम राहिला, तर टाकी बाद.

पण माझी खरी अडचण जन्मवर्षाची होती. १९७२ पासून १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथल्या अनेक टाक्या ६३५१ नावाच्या मिश्रधातूच्या बनत. वर्षानुवर्षे दाबाखाली राहून या धातूला मानेच्या आट्यांपाशी बारीक तडा जाऊ शकतो. टाकी आपटलेली नसली तरी तो हळूहळू वाढतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. अशा काही टाक्या भरताना फुटल्या आहेत. पुढे ६०६१ हा मिश्रधातू आला आणि ही खोड गेली. जुन्या धातूच्या स्कूबा टाक्यांना २००७ पासून दाबाच्या चाचणीबरोबर आट्यांची विद्युतप्रवाहाने तपासणीही सक्तीची आहे. अनेक दुकाने तर त्या भरतच नाहीत.

मी मान हलवली. परतताना नातू गाडीत बोलेना. शेवटी म्हणाला, "आजोबा, दिसायला तर चांगली होती! आणि पैसे माझेच होते." मी म्हटले, "पैसे तुझे, पण टाकी भरताना शेजारी उभा राहणारा दुकानातला माणूस कोणाचा तरी आहे."

तीन आठवड्यांनी त्याला १९९९ सालची टाकी मिळाली. आधी चाचणी, मग पैसे, असे ठरवूनच घेतली. भरण्याची रीत त्याला मी तोंडपाठ करायला लावली. डोळ्यांवर चष्मा हवा. जोडाला तेल किंवा ग्रीस लावायचे नाही, कारण एवढ्या दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकते. झडप अगदी सावकाश उघडायची, कारण घाईने भरली तर बाटली तापते आणि थंड झाल्यावर दाब उतरतो. बाटली काढण्याआधी नळीतली हवा सोडायची. टाकी पूर्ण रिकामी करायची नाही, नाहीतर आत ओलावा शिरतो. आणि बाटलीवरचीही चाचणीची तारीख बघायची.

आपल्याकडे हा उद्योग कोणी घरी करू नये. दाबाच्या वायूची टाकी भरणे आणि साठवणे यांना गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात. ते राबवणाऱ्या 'पेसो' या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

परवा नातवाचा फोन आला. विचारत होता, "आजोबा, तुमच्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरवर तारीख असते का हो?" असते. कड्याच्या उभ्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि वर्षाचा आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीत त्याची पुढची चाचणी यायची असते. फोन ठेवला आणि मी आमचा सिलिंडर पाहिला. मुदत शिल्लक होती. पण खरे सांगतो, इतकी वर्षे टाक्या तपासण्यात घालवली, तरी घरचा सिलिंडर मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचला.