टॅबलेट द्यायचा कोणाच्या हातात?

आफ्रिकेतल्या शाळांना मदत म्हटली की मुलांच्या हातातला टॅबलेट डोळ्यांसमोर येतो. केनियाच्या किसुमू काउंटीतला प्रयोग मात्र वेगळंच सांगतो. तिथे काही शाळांत मुलांना ई-रीडर दिले, काही ठिकाणी शिक्षकांना टॅबलेट, तर काही ठिकाणी फक्त शाळांना भेटी देणाऱ्या मार्गदर्शकांना. वाचन तिन्हीकडे सुधारलं आणि जवळपास सारखंच सुधारलं! खर्चाच्या मानाने मार्गदर्शकांचा टॅबलेट सर्वांत किफायतशीर ठरला. पुढे २०१५ पासून देशभर राबवलेल्या ‘तुसोमे’ कार्यक्रमात मुलामागे एक पुस्तक आणि शिक्षकाला रोजच्या पाठाचं तयार टाचण मिळालं. टॅबलेट दिला तो मार्गदर्शकाला. तो वर्गात बसून पाठ पाहायचा, काही मुलांचं वाचन ऐकून नोंदवायचा आणि नंतर शिक्षकाशी त्यावर बोलायचा. हे बोलणंच मला सर्वांत मोलाचं वाटतं.

मग गरीब मुलांनी तंत्रज्ञानाला मुकायचं का? आक्षेप रास्त आहे, आणि शाळेपर्यंत न पोहोचलेल्या मुलांसाठी उत्तरही वेगळं आहे. टांझानियाच्या टांगा भागात अशा मुलांना स्वाहिली भाषेतले धडे असलेले टॅबलेट दिले, चार्जिंगसाठी गावात सौरऊर्जेची सोय केली. १५ महिन्यांत वाचन-गणितात प्रगती दिसली. पण जिथे शिक्षक रोज वर्गात उभा आहे, तिथे पहिला पैसा पुस्तकांवर आणि त्या शिक्षकावरच खर्च व्हावा. अशा उपक्रमाला देणगी देणार असाल, तर आधी एवढं जरूर विचारा: पुस्तकं मुलांना समजणाऱ्या भाषेत आहेत का, आणि शिक्षकाच्या मदतीला कोण येतं?